नैरोबी ते आक्रा, जाता जाता

२० जानेवारी, सोमवार

मोशी ते नैरोबी – दोनशे पस्तीस किलोमीटर. विमानानं पाऊण तास!

हे वेबसाइटचं म्हणणं. मी पाच मिनिटं कृतार्थ होऊन बसले. अठरा वर्षं मोशीत राहते, इथून चाकणच्या कंपनीत पोचायला सव्वा तास लागतो, आणि नैरोबी पाऊण तासावर आहे हे सोसायटीच्या ग्रुपवर कुणी सांगू नये? मग कळलं – टांझानियातही एक मोशी आहे. तिच्या पाठीशी बर्फाचा डोंगर आहे. आमच्या मोशीच्या पाठीशीही डोंगर आहे, पण तो घंटागाड्यांनी आणून टाकलेला.

ही शोधाशोध सकाळच्या मीटिंगसाठी. आमची कंपनी पाऊच भरायची मशीन बनवते – चहा, मसाला, शांपू, पाणी, जे ओतता येईल ते. नैरोबीच्या चहावाल्याकडे नवं मशीन बसवायचंय, त्यासाठी तौसिफ गुरुवारी निघतोय. आमच्या सर्व्हिस इंजिनिअरांतला सगळ्यात हुशार पोरगा. तशात शनिवारी घानातल्या आक्र्याहून मेल आला. तिथे एकजण आमच्या मशीनवर पिण्याच्या पाण्याचे पाऊच भरतो. पाऊच चिकटत नाहीत, माणूस पाठवा म्हणतो. मी मेल वाचून दाखवला आणि हिंदुरावसाहेबांच्या डोळ्यांत ती चमक आली.

"जाता जाता."

साहेबांचा सगळा धंदा या दोन शब्दांवर उभा आहे. माणूस मूळचा इथलाच, खेड तालुक्यातला. शेतात शेड उभी राहिली, शेडची कंपनी झाली, पण डोक्यात अजून बैलगाडी आहे. गाडी बाजाराला निघालीच आहे तर वाटेत मावशीकडे ज्वारीचं पोतं टाकून जा. भोसरीला निघालेल्या माणसाला ते जाता जाता पुनावळ्याला पाठवतात. पुनावळे भोसरीच्या वाटेवर नाही, हे सांगून उपयोग नसतो. एकदा घरातून निघालेला माणूस साहेबांच्या हिशेबी सगळ्याच वाटांवर असतो.

साहेब उठले, भिंतीवरच्या जगाच्या नकाशापाशी गेले आणि खिशातून व्हर्नियर काढला. पत्र्याची जाडी मोजायचा! एक टोक नैरोबीवर, दुसरं आक्र्यावर. नऊ सेंटीमीटर चार मिलिमीटर, असं जाहीर केलं.

"ह्ये काय अंतर हाय व्हय? एकच तर देश हाय."

आफ्रिकेत चोपन्न देश आहेत, मी म्हटलं.

"असू देत की. पण सलग हायत."

मुंबई ते नैरोबी त्यांनी मोजलं नाही. गैरसोयीची मापं व्हर्नियरमध्ये बसत नाहीत.

मग माझ्याकडे वळले – विमानाला वेळ किती? सगळ्या सर्व्हिसवाल्यांची तिकिटं, व्हिसा, तारखा माझ्याकडे. मी पान काढूनच नेलं होतं. अंतर चार हजार एकशे ऐंशी किलोमीटर, उड्डाणाचा वेळ पाच तास चाळीस मिनिटं. आणि वर मी म्हणाले – कशाला म्हणाले! – "शुक्रवारी संध्याकाळी तळेगाव चौकातून घरी जायला याहून फार कमी लागत नाही, साहेब."

अख्खी मीटिंग हसली. अकाउंट्सचे लक्ष्मणराव वर्षातून एकदा, ऑडिट संपल्यावर हसतात. तेसुद्धा. साहेबांनी मांडीवर थाप मारली. मग काय तर, ठरलं, जाता जाता करून येईल पोरगं!

पानावर खाली आणखी चार ओळी होत्या. हा वेळ सरळ रेषेत उडाल्याचा. थेट विमान रोज नसतं. बदलून जायचं तर सोळा ते वीस तास धरावेत. मी त्या वाचल्या होत्या. बोलले नाही. हशा आला की थांबावं, हे कॉलेजच्या स्नेहसंमेलनापासून अंगवळणी पडलंय.

२१ जानेवारी, मंगळवार

तौसिफ टेबलापाशी येऊन उभा राहिला. फाइल हातात, पण फाइलचं काम नव्हतं.

सोळा फेब्रुवारीला त्याचा निकाह आहे. मला नोव्हेंबरपासून माहीत आहे. हॉल कासारवाडीचा, रविवार, दुपारच्या नमाजनंतर. मार्च लागला की रमजान. म्हणजे ही तारीख गेली तर थेट ईदनंतर. नैरोबीहून तो सहा फेब्रुवारीला परत यायचा होता, लग्नाला दहा दिवस हाताशी ठेवून. आता सहाला तो उलट्या दिशेला उडणार.

साहेबांशी बोललास का, विचारलं.

बोललो ना मॅडम, म्हणाला. ते म्हणाले होऊन जाईल.

बंद पडलेल्या मशीनला हा पोरगा सरळ करतो, पण चालत्याबोलत्या माणसाला 'नाही' म्हणणं त्याला जमत नाही. कँटीनमध्ये न विचारता दुसऱ्यांदा भात वाढला तरी खातो आणि मग दुपारभर पोट धरून बसतो. मी म्हटलं, थांब, मी बोलते साहेबांशी. तर घाईघाईनं – नको नको मॅडम, तुम्ही नको, मी सांगितलंय त्यांना. 

किती समंजस, असं वाटलं मला. आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं.

२३ जानेवारी

तौसिफ गेला. सोबत बत्तीस किलो सुटे भाग आणि दोन किलो नानखटाई.

२८ जानेवारी, मंगळवार

नैरोबीचं काम सुरळीत. तौसिफचं म्हणणं, हवा पुण्यासारखी, ट्रॅफिक चाकणसारखं, आणि मॅनेजर आपल्या साहेबांसारखा. म्हणजे एवढे पैसे खर्चून आम्ही त्याला घरीच पाठवलाय.

त्या मॅनेजरला यानं आक्र्याचं सांगितलं. तो म्हणे हसला. मी जन्मापासून नैरोबीत आहे, मुंबईला तीनदा जाऊन आलोय, आक्र्याला कधीच नाही.

मी आज शांतपणे बसून ते मोजलं, जे व्हर्नियरनं मोजलं नव्हतं. मुंबई ते नैरोबी साडेचार हजार किलोमीटर. नैरोबी ते आक्रा चार हजार एकशे ऐंशी. म्हणजे पोरगा घर आणि आक्रा यांच्या जवळजवळ मधोमध उभा आहे. घरी यायला जेवढं अंतर, जवळपास तेवढंच घरापासून आणखी लांब जायचं. याला आमच्या कंपनीत जाता जाता म्हणतात.

रात्री जेवताना गणराजला सांगितलं. आमचा नवरा मीठ मागायला लागला.

३१ जानेवारी, शुक्रवार

आक्र्याचा व्हिसा झाला. कागद मी इतके चोख लावले होते की आक्षेप घ्यायला कुणाला जागाच उरली नाही. मनात आलं होतं – एखादा फोटो चुकीच्या मापाचा जोडावा. एखादी सही राहून जावी. असं कुणाचं होत नाही का? रोज होतं. माझं होत नाही. हात धजेना. चौदा वर्षांत माझा एक कागद परत आलेला नाही, आणि तो पहिला कागद कुणाच्या तरी लग्नासाठी परत यावा एवढी मी उदार निघाले नाही.

तौसिफला कळवलं. त्याचं उत्तर – ग्रेट मॅडम. पुढे अंगठा.

३ फेब्रुवारी, सोमवार

आज सांगायचंच म्हणून साहेबांच्या केबिनमध्ये गेले. पान हातात, त्या चार ओळींखाली पेन्सिलीनं रेघ मारलेली. म्हणणार होते – साहेब, त्या दिवशी मीटिंगमध्ये मी अर्धंच वाचलं.

साहेब फोनवर होते. मला बघितलं आणि फोनवर म्हणाले, "ह्या बघा, ह्याच त्या ताई, तळेगाव चौकवाल्या!" पलीकडून हसण्याचा आवाज आला. फोन ठेवून साहेब सांगायला लागले. तो विनोद त्यांनी मुंबईच्या पार्टीला सांगितला, बँकेच्या माणसाला सांगितला, व्याह्यांना सांगितला. सगळे लई हसले म्हणे. व्याही तर दोनदा. मग म्हणाले, बोला, काय काम काढलंत?

मी म्हटलं, काही नाही, सहाचं तिकीट कन्फर्म झालं.

पानाची घडी घालून बाहेर आले. माणसाला लाच पैशांचीच लागते असं नाही. मला व्याह्यांचं दोनदा हसणं पुरलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज तो मुंबईला उतरायचा होता.

पाच तास चाळीस मिनिटांचा खरा हिशेब असा. आज थेट विमान नाही. म्हणून पश्चिमेला जाण्यासाठी आधी उत्तरेला अदिस अबाबा, दोन तास. तिथे बाकड्यावर अकरा तास. मग आक्रा, साडेपाच तास. बेरीज साडेअठरा, आणि नैरोबीलाच विमान उशिरा सुटलं तो अर्धा तास फुकट. एकोणीस. आणि पोचल्यावर घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. म्हणजे एवढं करून माणूस कालच्याच दिवसात राहतो की काय, असं वाटावं.

साहेबांनी विचारलं, पोचलं का पोरगं? मी म्हटलं अजून बसलाय अदिसला. ते म्हणाले, मधी कशाला उतरला?

७ फेब्रुवारी

पोचला. झोपलाय.

९ फेब्रुवारी, रविवार

हनीफभाई पत्रिका घेऊन घरी आले. तौसिफचे वडील. कासारवाडी स्टेशनजवळ त्यांचं दुचाकीचं गॅरेज आहे. स्कूटरवर आले, चौथा मजला चढून आले, लिफ्ट बंद. सोफ्याच्या कडेवर बसले, पूर्ण टेकले नाहीत. पत्रिका दोन्ही हातांनी दिली. मराठीतली वेगळी छापून घेतलीय, खास कंपनीच्या लोकांसाठी.

मग खिशातून एक कागद काढला. नातवाच्या पुस्तकातला नकाशा, झेरॉक्स केलेला. म्हणाले, ताई, मी बघितलं, बोटभर तर अंतर आहे, मग पोराला एक दिवस का लागला? मी सांगितलं. आकडे सांगितले. नैरोबीहून घर किती, आक्रा किती, सगळं. ते नकाशावर बोट ठेवून ऐकत होते. गॅरेजवाल्या माणसाला आकडे लगेच कळतात.

"म्हणजे घराकडं तोंड करून उभ्या गाडीला रिव्हर्स टाकला म्हणा की."

हो, म्हटलं.

साहेबांवर त्यांचा राग नाही. तौसिफनं त्यांना सांगितलंय की त्यानं साहेबांच्या हातापाया पडून बघितलं, साहेबांनी ऐकलंच नाही. हनीफभाई म्हणाले, मालक आहे, त्याचंही बरोबर असेल, गिऱ्हाईक अडलं की आम्हीपण पोरांना जेवणावरून उठवतो. एक दिवसाचं काम आहे ना? बाराला निघेल, तेराला घरी. हळद चौदाला आहे.

उठताना म्हणाले, "तुम्ही तिथं बसल्यात ताई, म्हणून मी निवांत आहे."

चहा तसाच राहिला होता, उभ्याउभ्या संपवून गेले. गणराज म्हणाला, तू एवढी गप्प? बरं नाही का?

११ फेब्रुवारी, मंगळवार

आक्र्याचं मशीन उघडलं. एक दिवसाचं काम ते मेलमध्येच होतं. पाऊच चिकटवणारा जबडाच वाकलाय. कुणीतरी हातोडीनं सरळ करून बघितलाय. हीटर गेलाय. तौसिफचा आवाज थकलेला, पण तेच – होऊन जाईल मॅडम, दोन दिवस अजून.

साहेब म्हणाले, काम पुरं करूनच येऊ दे. परत परत कुठं जायचं एवढ्या लांब!

एवढ्या लांब! आज कळलं त्यांना.

जेवणाच्या सुट्टीत लक्ष्मणरावांनी उपाय काढला. निकाह मोबाइलवर लावा, आजकाल सगळं होतं, कंपनीचा प्रोजेक्टर देऊ, नवरदेव भिंतीएवढा दिसेल. चारपाच जणांना पटलंसुद्धा. माझ्या जिभेवर त्यावर एक फार चांगलं वाक्य आलं होतं. गिळलं. पहिल्यांदाच.

१२ फेब्रुवारी, बुधवार

दुपारी गेटवरून फोन – तुम्हाला भेटायला कुणी रुक्साना आल्यात.

नवरी! मी तिला फोटोतच पाहिलेली. चिंचवडच्या एका लॅबमध्ये रक्त तपासते. अर्ध्या दिवसाची रजा टाकून दोन बस बदलून आली होती. गेटसमोरच्या टपरीवर बसलो. शिफ्ट सुटायची होती, गर्दी नव्हती. तिनं चहा घेतला, बिस्किटाला नको म्हणाली आणि सरळ सुरुवात केली.

"मॅडम, पाच तास चाळीस मिनिटं हा आकडा तुमचा?"

वेबसाइटचा, म्हटलं.

"सांगितला कुणी?"

"मी."

"आणि बाकीचे तास?"

"ते नाही सांगितले."

"माहीत नव्हते?"

माहीत होते, म्हणाले. मग का नाही सांगितले, हे तिनं विचारायच्या आधीच सांगून टाकलं. लोक हसले होते, म्हणून.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाशी बोलायला मला येतं. तिनं ग्लास खाली ठेवला आणि आवाज न चढवता म्हणाली, "मी दिवसाला साठ रिपोर्ट देते. एक आकडा वाचला नि बाकीचा कागद घडी करून ठेवला, असं आमच्याकडे केलं तर माणूस जातो."

मी त्या पानाची घडीच घातली होती. तिला ते माहीत असायचं कारण नाही.

मग ती ज्या कामासाठी आली होती ते. तौसिफनं तिला सांगितलंय की साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन त्यानं लग्नाचं सांगितलं, पत्रिकेचा नमुना दाखवला, हात जोडले, तरी साहेब म्हणाले लग्न होत राहतात. ती म्हणाली, "उशीर झाला तर चालेल मला. ईदनंतर केलं तरी चालेल. तारीख काय, दुसरी मिळते. पण हे असं झालं होतं का, तेवढं कळायला पाहिजे."

मी तिथे नव्हते, म्हटलं.

"विचाराल? आणि जे असेल ते पूर्ण सांगाल?"

हो म्हणाले. ती चहाचे पैसे द्यायला लागली. मी दिले. बसपर्यंत सोबत गेले. चढताना म्हणाली, त्याचा स्वभाव फार चांगला आहे मॅडम, कुणालाच दुखवत नाही तो. आणि स्वतःच थांबली, वाक्य अर्धं ठेवून.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी सव्वानऊला केबिनमध्ये गेले. दार लावून घेतलं. साहेब म्हणाले, आज नवीन काय? हसायच्या तयारीत.

मी उभ्यानं वाचून दाखवलं. नैरोबी ते आक्रा एवढे किलोमीटर, मुंबई ते नैरोबी एवढे. थेट विमान रोज नाही. जायला एकोणीस तास लागले, पाच चाळीस नव्हे. यायला अठरा धरा, मुंबई ते चाकण वेगळं. हे सगळं मला वीस जानेवारीला माहीत होतं, मी निम्मंच सांगितलं. आणि सोळाला त्याचं लग्न आहे.

कुणी हसलं नाही. दोघंच होतो.

"कुनाचं लगीन?"

"तौसिफचं."

"ह्या सोळाला? म्हंजी ह्या रविवारी?"

साहेब खुर्चीत मागे रेलले. मी पत्रिका पुढे ठेवली, त्यांच्या नावाची, हनीफभाईंनी माझ्याकडे दिलेली. चष्मा लावून वाचली. मग म्हणाले, "त्याला हितंच बसवून इचारलं हुतं म्या, त्याच दिवशी, मीटिंग झाल्यावर. घरी काय अडचण हाय का? असंल तर सांग, दुसरं पोरगं धाडतो. म्हनला, काय न्हाई साहेब, जातो की."

पुन्हा विचारलं मी. लग्नाचं काहीच बोलला नाही? पत्रिका दाखवली नाही?

"अवो ताई, माझ्या पोरीच्या लग्नात चार दिस राबलं त्ये पोरगं. त्याचं लगीन मला कळलं असतं तर त्याला नैरोबीला तरी धाडला असता का मी?"

खोटं बोलताना साहेबांचा आवाज वर जातो, गिऱ्हाईकाशी बोलताना रोज ऐकते. आज गेला नाही. लक्ष्मणरावांना तिथेच बोलावून सांगितलं, मिळेल त्या तिकिटाचे पैसे सोडा, गेलं मशीन खड्ड्यात. शनिवारची एक जागा मिळाली. रविवारी सकाळी सात वाजता मुंबई. गाडी साहेब स्वतःची पाठवणार आहेत विमानतळावर.

निघताना मला म्हणाले, पर तुमाला ठावं हुतं ना लग्नाचं? तुमी का न्हाई बोलल्या?

मला वाटलं त्यानं सांगितलंय, मी म्हणाले. ऐकायला ठीक वाटलं. अर्धं वाक्य नेहमीच ठीक वाटतं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

दिवसभर फोन हातात.

कारणं खूप सुचली. तिकीट झालंय, पोरगा वेळेत पोचतोय, कशाला आता? सोन्यासारखं लग्न. हनीफभाईंकडे आज हळद, नवरदेवाविना का होईना. चांगला मुलगा आहे, भित्रा आहे, तेवढंच. भित्र्या माणसांची लग्नं होत नसती तर पुणे जिल्हा ओस पडला असता. सांगावंच लागलं तर हसत सांगावं – तुझा नवरा साहेबांना 'नाही' म्हणायला घाबरला, म्हणून आक्र्याला पळाला, आता तुला कधीच 'नाही' म्हणणार नाही, मज्जा आहे तुझी! छान जमलं होतं. ती हसली असती कदाचित.

साडेपाचला फोन केला. जसं झालं तसं सांगितलं. साहेबांनी विचारलं होतं. दुसऱ्याला पाठवतो म्हणाले होते. त्यानं लग्नाचं सांगितलंच नाही. हात जोडले नाहीत, पत्रिका दाखवली नाही. मी काही घातलं नाही, काही गाळलं नाही.

पलीकडे बायकांचा आवाज होता, मेंदी चालली असावी.

मग – "बरं."

मी तिकिटाचं सांगितलं. रविवारी सकाळी सात.

"बरं मॅडम. तुम्ही याल ना रविवारी? आत या, माझ्याकडे."

बरं केलं की वाईट, ठरवता येत नाही. एवढं खरं, की यावेळी पान पूर्ण वाचलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

विमानात बसला. बसायच्या आधी एक व्हिडिओ पाठवला – मशीन चाललंय, पाण्याचे पाऊच टपाटपा पडतायत. खाली लिहिलंय, झालं मॅडम, म्हटलं होतं ना होऊन जाईल.

रुक्सानाशी बोललास का, विचारलं. उत्तर आलं – हो, तिनं फोन केला होता, साहेब काय म्हणाले ते पुन्हा विचारत होती. मी परत तेच सांगितलं. उगाच वाढवायचं कशाला, मॅडम.

१६ फेब्रुवारी, रविवार

पावणेबाराला तौसिफ हॉलवर पोचला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेब फेटा बांधून पहिल्या रांगेत होते.

नमाज झाली. निकाहाआधी नवरीची संमती घ्यायची असते. ती घ्यायला रुक्सानाचे मामा दोन साक्षीदारांना घेऊन बायकांच्या खोलीच्या दाराशी आले. मी तिच्या शेजारीच बसले होते. मामांनी तौसिफचं नाव घेतलं, वडिलांचं नाव घेतलं, नवरदेवानं द्यायच्या मेहेरची रक्कम सांगितली आणि विचारलं, कबूल आहे का.

ती म्हणाली, नाही.

लाजतेय असं वाटून मामांनी पुन्हा विचारलं. तिनं तेवढ्याच आवाजात पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांच्याच्यानं विचारवेना.

बाहेर जाऊन सांगायला कुणी उठेना. मी उठले. हनीफभाई दारापाशीच उभे होते, हसत.